पॅड बसत नसेल तर हातोडी खाली ठेवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दसऱ्याला गाडी धुऊन, हार घालून झाला की आपल्याकडे दिवाळीपर्यंत गाड्यांची राहिलेली कामे निघतात. सोयाबीन घरात आलेले असते, पांदण रस्त्यांवरचा चिखल वाळलेला असतो आणि तालुक्याच्या गॅरेजात नंबर लागत नाही. अशा वेळी मोबाइलवर चित्रफीत पाहून पुढच्या चाकांचे ब्रेक पॅड घरच्या अंगणातच बदलायला बसणारी पोरे हल्ली गावोगाव दिसतात. त्यात वावगे काही नाही. समजून केले तर दोन तासांचे काम आहे. अडचण एकच. चित्रफितीतला पॅड दोन बोटांनी आत सरकतो आणि आपल्या गाडीतला सरकत नाही. मग हातोडी हातात येते. गॅरेजवालेही घाईच्या दिवसांत हेच करतात, म्हणून हे पत्र.

पॅड का अडतो ते आधी पाहू. पुढच्या डिस्क ब्रेकला (चाकाबरोबर फिरणारी लोखंडी तबकडी म्हणजे डिस्क, तिला दोन पॅड दोन्ही बाजूंनी दाबतात) एक जाड लोखंडी ब्रॅकेट असते. तिच्या खाचांमध्ये पॅडचे दोन्ही टोकांचे कान बसतात. खाच आणि कान यांच्यामध्ये न गंजणाऱ्या पोलादाची पातळ पत्ती असते, तिला कोणी क्लिप म्हणते, कोणी स्प्रिंग पत्ती. पत्ती गंजत नाही, पण तिच्या खालचे ब्रॅकेटचे ओतीव लोखंड गंजते. गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते, म्हणून तो पत्तीला खालून उचलतो आणि खाच अरुंद होत जाते. जुना पॅड हळूहळू त्या अडचणीतच घासत राहतो, त्यामुळे वरून काही कळत नाही. नवा, रंग लावलेला, पूर्ण मापाचा पॅड आणला की तो अडतो आणि दोष पॅडवर येतो. दुकानदाराने चुकीचा नंबर दिला, कंपनीचा माल खराब, असे बोलणे सुरू होते. क्वचित नंबर खरोखर चुकलेला असतो; जुना आणि नवा पॅड पाठीला पाठ लावून पाहिले की दहा सेकंदांत ते कळते. लांबी, कानांची उंची आणि पाठीचा आकार जुळत असेल तर पॅडला दोष देऊ नये.

आपल्या भागात हा गंज जरा जास्तच असतो आणि त्याला कारण आहे. दर्यापूर, अकोट, मूर्तिजापूर, शेगावपर्यंतचा पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा म्हणजे बोअरला मचूळ पाणी. तेच पाणी पाइपने चाकांवर मारायचे, गाडी तशीच उभी ठेवायची आणि मिठाचा थर ब्रॅकेटवर वाळू द्यायचा. दसऱ्याची धुलाई त्याच पाण्याने होते, हे सांगायला नकोच. वर आपली काळी माती. ओली असताना ती चाकाच्या आत लिंपली जाते आणि वाळली की विटेसारखी कडक होते, कॅलिपरच्या (पॅड दाबणारा पिस्टन ज्यात असतो त्या भागाच्या) खोबणीतून काठीने खरवडून काढावी लागते. शक्य असेल तिथे नळाचे गोडे पाणी वापरावे. नसेल तर धुतल्यावर दोन-तीन किलोमीटर गाडी फिरवून आणि चार-सहा वेळा ब्रेक दाबून मगच उभी करावी. उष्णतेने पाणी उडून जाते.

हातोडीने ठोकून बसवलेला पॅड काय करतो? पायाने दाबलेल्या ब्रेकचा जोर एवढा असतो की घट्ट पॅडसुद्धा डिस्कवर दाबला जातोच, म्हणून ब्रेक ‘मस्त लागतात’. सोडताना मात्र पॅडला मागे ओढणारे बळ फारसे नसतेच. पिस्टनभोवतीची चौकोनी रबरी रिंग दाबताना जराशी पिळली जाते आणि सुटताना पिस्टनला मिलिमीटरच्या काही दशांशांइतके मागे घेते, तेवढेच. मोकळा पॅड तेवढ्याने डिस्कपासून सुटतो, ठोकलेला तिथेच घासत राहतो. डिस्क तापते, ब्रेकचे ऑइल तापते, पेट्रोल जास्त लागते आणि सहा महिन्यांत नव्या पॅडची पाचर होते. सपाट रस्त्यावर हे खपून जाते. परतवाड्याहून चिखलदऱ्याला जाऊन घाट उतरताना तापलेले ऑइल उकळले, तर पाइपात वाफ तयार होते. वाफ दाबली जाते, जोर पुढे जात नाही आणि पायाखालचा ब्रेक तळाला जातो.

म्हणून जुने पॅड काढल्यावर फेकू नयेत, त्यांच्यावरून पाहावे. आतला पॅड बाहेरच्यापेक्षा खूप झिजला असेल तर कॅलिपर ज्यांवर मागे-पुढे सरकतो त्या सरकपिना जाम आहेत. एकच पॅड एका टोकाला पातळ आणि दुसऱ्याला जाड असेल तर त्याचा एक कान खाचेत अडकला होता. एका चाकाचे दोन्ही पॅड दुसऱ्या चाकापेक्षा पुष्कळ पातळ असतील, तर त्या चाकाचा पिस्टन मागे येत नाही किंवा रबरी पाइप आतून बंद झाला आहे. नव्या पॅडचे घासणारे आवरण साधारण दहा मिलिमीटर असते. तीनपर्यंत आले की बदलावे, दोनच्या खाली वापरू नये. बदलताना दोन्ही बाजूंचे एकदमच बदलायचे, एका बाजूचे कधीही नाही. एक बाजू झाल्यावर दुसरी उघडावी, म्हणजे जोडणी कशी होती हे पाहायला एक नमुना शिल्लक राहतो. शिवाय उघडण्याआधी मोबाइलने फोटो काढावा. काही पॅडला आवाज करणारी झीजसूचक पत्ती असते, ती आतल्या की बाहेरच्या पॅडला, वर की खाली, हे नंतर आठवत नाही.

कामाची जागा हा विषय दोन वाक्यांत उरकतो, पण माणसे मरतात ती याच चुकीने. सारवलेल्या अंगणात किंवा वावराच्या धुऱ्यावर जॅक खचतो. त्याच्याखाली फूटभर लांब-रुंद, दोन इंच जाडीची लाकडी फळी ठेवावी आणि गाडी उचलल्यावर तिच्याखाली घोडी (लोखंडी स्टँड) लावावी. विटा रचू नयेत, वीट अचानक फुटते. मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड, गाडी गिअरमध्ये आणि काढलेले चाक आडवे करून गाडीखाली सरकवलेले. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल करावेत.

आता मुख्य काम. कॅलिपरचे दोन बोल्ट बहुतेक लहान गाड्यांत 12 किंवा 14 च्या पान्याने सुटतात. फिक्सा (उघड्या तोंडाचा) पाना नको, रिंग पाना किंवा गोटी (सॉकेट) वापरावी, कारण डोके गोल झाले की खरी कसरत सुरू होते. कॅलिपर निघाला की तो रबरी पाइपावर लोंबकळत सोडू नये. बाइंडिंग तारेने वर स्प्रिंगला बांधावा. एबीएस (ब्रेक लावताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) असलेल्या गाडीत सेन्सरची बारीक वायर जवळूनच जाते, तिच्यावरही ताण येऊ देऊ नये. पॅड बाहेर काढल्यावर पत्त्या स्क्रू ड्रायव्हरने उपटून काढाव्यात. वाकल्या तरी चालेल, त्या नव्याच घालायच्या आहेत.

इथे घाई करू नये. पत्तीखालची जागा तारेच्या ब्रशने, मग जुन्या छिन्नीच्या धारेने, शेवटी बारीक कानशीने घासून चकचकीत लोखंड दिसेपर्यंत साफ करावी. चार खाचा असतात, त्यांतल्या खालच्या सर्वात वाईट, कारण पाणी तिथेच साचते. कानस गंजावर चालवायची, लोखंडावर नाही. खाच रुंद झाली तर पॅड खडखडतो आणि ब्रेक लावताना ‘टक्’ असा आवाज येतो. ब्रॅकेट सोडवून टेबलावर घेतली तर हे काम चांगले होते. तिचे बोल्ट मोठे, बहुधा 17 चे आणि कचकचून आवळलेले असतात. ते परत बसवताना गाडीच्या दुरुस्ती पुस्तिकेतल्या मापाइतकेच घट्ट करावेत, कारण सगळा ब्रेक या दोन बोल्टांवर उभा असतो.

साफ खाचेत नवी पत्ती बसवली की ती हलता कामा नये, उठलेलीही दिसता कामा नये. मग कोरडा पॅड बोटांनी सरकवून पाहावा. बोटाच्या जोराने आत जायला हवा आणि तेवढ्याच जोराने बाहेर यायला हवा. अजूनही किंचित अडत असेल तर पॅडच्या कानाच्या टोकाला साचलेला रंगाचा गोळा पॉलिश पेपरने उतरवावा. फक्त रंग, पोलाद नाही. कानांवर आणि पॅडच्या पाठीवर ब्रेकसाठीचे, उष्णता सोसणारे ग्रीस नखाएवढे लावावे. चाकाच्या बेअरिंगचे पिवळे ग्रीस वितळून डिस्कवर येते. ते इथे चालत नाही. घासणाऱ्या बाजूला बोटही लागू नये.

दुसरी अडचण पिस्टनची. पॅड खाचेत बसले, पण कॅलिपर त्यांच्यावरून उतरत नाही, अशी तक्रार येते ती इथली. कॅलिपर सरकता असल्याने दोन्ही पॅडची झीज एकट्या पिस्टनने भरून काढलेली असते. म्हणजे दोन्ही पॅड सात-सात मिलिमीटर झिजले असतील तर पिस्टन चौदा मिलिमीटर बाहेर आलेला असतो आणि नव्या पॅडसाठी त्याला पूर्ण आत ढकलावे लागते. जुना पॅड पिस्टनच्या तोंडावर ठेवून सुतारकामाच्या सी-क्लॅम्पने सावकाश आवळावे. त्याआधी बॉनेट उघडून ऑइलच्या डबीचे झाकण काढावे आणि पातळी वर चढून सांडू नये म्हणून सिरिंजने थोडे ऑइल काढून घ्यावे. हे ऑइल रंग उडवते, सांडले तर लगेच पाण्याने धुवावे. पिस्टनच्या तोंडावर स्क्रू ड्रायव्हर टेकवून झटका देणारे पाहिले की अंगावर काटा येतो. बाहेरचे रबरी टोपण फाटले की आत धूळ-पाणी जाते आणि वर्षभरात पिस्टन कायमचा अडकतो.

क्लॅम्प आवळूनही पिस्टन हलत नसेल तर जोर वाढवू नये. हवा काढायच्या निपलला प्लॅस्टिकची नळी लावून तिचे दुसरे टोक बाटलीत सोडावे, निपल पाव फेरा सैल करावा आणि पुन्हा आवळून पाहावे. आता सहज आत गेला तर कॅलिपर ठीक आहे. अडथळा वर आहे, बहुधा रबरी पाइप आतून फुगून बंद झाला आहे. तो पाइप बदलल्याशिवाय नवे पॅड घालणे म्हणजे पैसे वाया. निपल उघडूनही हलला नाही तर पिस्टन गंजला आहे. कॅलिपर खोलून नवे सील किंवा नवा कॅलिपर. हे काम अंगणातले नाही. निपल उघडला होता तर हवा काढल्याशिवाय गाडी हलवू नये. निपल स्वतःच जाम असेल तर आदल्या रात्री गंज सोडवणारे तेल मारून ठेवावे, सकाळी आधी किंचित घट्ट करून मग सोडवावे, तेही सहा कोनी गोटीने. ज्या गाड्यांना मागेही डिस्क आहे, त्यांच्या बऱ्याच कॅलिपरचा पिस्टन दाबून नव्हे तर फिरवत आत घ्यावा लागतो, कारण हँडब्रेकची यंत्रणा त्याच्यातच असते. क्लॅम्प लावला तर आतले मोडते. बटणाचा हँडब्रेक असलेल्या गाडीला तर आपण हातच लावू नये.

सरकपिना बाहेर काढून पुसाव्यात. दोघींपैकी एकीच्या टोकाला काही गाड्यांत रबरी बुश असतो, म्हणून वरची वर आणि खालची खाली. रबराला चालणारे सिलिकॉन ग्रीस पातळ लावावे. छिद्र ग्रीसने ठासून भरले तर पिन आत ढकलली की कोंडलेली हवा तिला परत बाहेर लोटते आणि माणूस म्हणतो पिनच वाकडी आहे.

एक गोष्ट मात्र रागानेच लिहावी लागते. ‘ब्रेक ऑइल’ या नावाने फार नुकसान केले आहे. ते तेल नाही. त्यात चमचाभर इंजिन ऑइल, गिअर ऑइल, डिझेल किंवा रॉकेल गेले तर ब्रेकची सगळी रबरे फुगतात. मास्टर सिलिंडरपासून (ब्रेकच्या पेडलने चालणाऱ्या पंपापासून) चारही चाकांपर्यंतची. तरीही पिस्टन रॉकेलने धुणारे आणि डबीची पातळी हाताशी आलेल्या बाटलीने भरणारे आहेतच. डबीच्या झाकणावर डॉट 3 किंवा डॉट 4 लिहिलेले असते, तेच घालावे. कोरडे डॉट 3 किमान 205 अंश सेल्सिअसला उकळते, पण हवेतला ओलावा शोषला की हा आकडा 140 पर्यंत येऊ शकतो. डॉट 4 चे हेच आकडे 230 आणि 155. म्हणून गेल्या वर्षीची अर्धी उरलेली बाटली वापरू नये आणि दर दोन वर्षांनी सगळे ऑइल बदलावे. सिलिकॉनचे डॉट 5 यांत मिसळत नाही. साफसफाईला ब्रेक क्लीनरचा डबा नसेल तर साबणाचे पाणी आणि कोरडे फडके पुरे.

मागच्या ड्रम ब्रेकविषयी थोडक्यात. नवे लायनर (ड्रमला आतून घासणाऱ्या दोन कमानींवरचे, या कमानींना शू म्हणतात) लावले आणि ड्रम वरून बसत नाही, ही तिथली नेहमीची रड. पहिले कारण ॲडजस्टर: जुन्या झिजलेल्या लायनरसाठी तो लांब झालेला असतो, त्याला पूर्ण आखूड करायचे. दुसरे, हँडब्रेकची केबल ताणलेली. ती आधी सैल करावी, ड्रम बसल्यावर लायनर जुळवावे आणि शेवटी केबल. हा क्रम उलटा केला तर हँडब्रेक चार दिवसांत पुन्हा सैल. तिसरे, दोन्ही शू मध्यावर नसणे. तळहाताने वर-खाली ढकलून ते जुळवता येतात. चौथे, जुन्या ड्रमच्या काठावर झिजेने झालेली धार. ड्रमवर कमाल व्यास कोरलेला असतो. झीज त्याच्या पुढे गेली असेल तर ड्रमच नवा हवा, लेथवर धार काढून काम भागत नाही. ड्रम उघडा असताना कोणी पोराने गंमत म्हणून ब्रेक दाबला तर व्हील सिलिंडरचे पिस्टन बाहेर पडतात, तेव्हा गाडीत कोणाला बसू देऊ नये. आतली काळी धूळ फुंकू नये, हवाही मारू नये. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते. ओल्या फडक्याने पुसून फडके पिशवीत बांधावे. ज्या गाड्यांत चाकाचे बेअरिंग ड्रममध्येच असते आणि मधला मोठा नट काढावा लागतो, त्यांचे काम गॅरेजलाच द्यावे.

सगळे जोडून झाल्यावर गाडी सुरू करण्याआधी ब्रेक दहा-बारा वेळा दाबावा. पहिल्या दाबांत तो तळाला जाणारच, पिस्टन पॅडपर्यंत येईतो. घट्ट लागला की डबीची पातळी पाहावी. मागचे दगड तसेच ठेवून गाडी न्यूट्रलमध्ये घ्यावी आणि चाक हाताने फिरवून पाहावे: हलका घासल्याचा आवाज चालतो, चाक अडता कामा नये. चाकाचे नट समोरासमोरच्या क्रमाने आवळावेत. लहान गाड्यांना सहसा 80 ते 100 न्यूटन-मीटर, नेमका आकडा पुस्तिकेत. पान्याला पाइप घालून त्यावर उभे राहू नये. मग रिकाम्या रस्त्यावर ताशी 50 वरून 15 पर्यंत, पूर्ण न थांबता, आठ-दहा वेळा मध्यम जोराने वेग कमी करावा आणि मध्ये गाडीला वारा लागू द्यावा. पहिले दोनशे किलोमीटर घाट नको. पाच किलोमीटर जाऊन आल्यावर दोन्ही चाकांजवळ हात धरून पाहावा, न टेकवता. एक बाजू दुसरीपेक्षा स्पष्ट गरम लागली किंवा जळका वास आला तर त्या बाजूचा पॅड, पिन किंवा पिस्टन अजून अडतो आहे. पुन्हा उघडावे. शंभर किलोमीटरनंतर नट एकदा तपासावेत.

शेवटी आपल्या वृत्तपत्रामार्फत सुट्या भागांच्या दुकानदारांना एक विनंती. पॅडच्या खोक्यात पत्त्या येतातच असे नाही. स्वस्तातल्या खोक्यात बहुधा नसतात. बऱ्याच गाड्यांचा पत्त्यांचा संच वेगळा मिळतो. तो काउंटरवर ठेवा आणि पॅड मागणाऱ्या प्रत्येकाला ‘पत्त्या आहेत का?’ एवढे विचारा. तालुक्याच्या ज्या आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा वर्ग आहे, त्यांनीही गंजाने पत्ती उचललेली एखादी भंगारातली ब्रॅकेट मुलांच्या हातात द्यावी आणि तिच्यात नवा पॅड बसवून दाखवायला सांगावे.

आपला,
एक मोटार मेकॅनिक,
दर्यापूर, जि. अमरावती